आमच्या शोकेसमधला महाराजा

माझा आणि विमानाचा संबंध फार जुना आहे. विमान वर असते आणि मी खाली असतो, असा तो संबंध. माझी नोकरी लातूरला आणि घर नांदेडला. आठवड्याच्या शेवटी शाखेतली रोख जुळवून मी एस. टी. धरतो. चाकूर जाते, अहमदपूर जाते, लोहा यायचा असतो. बाहेर अंधार पडलेला असतो, आणि अशा वेळी आभाळातून एक लाल दिवा मिचमिच करीत जातो. शेजारचा प्रवासी हटकून विचारतो, "कुठं चाललं असंल हो हे?" माझ्या खिशाला पेन असल्यामुळे हा प्रश्न मलाच येतो. मी घड्याळात पाहून ठामपणे सांगतो, "मुंबई-हैदराबाद." आजवर कोणी हे खोडून काढलेले नाही. लातूरकरांनी तर नाहीच. लातूरला विमानतळ आहे, धावपट्टी आहे, फक्त नियमित येणारे प्रवासी विमान तेवढे नाही. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, त्या गाडीला 'जलदूत' म्हणत. आभाळातून यायची वस्तूसुद्धा जिथे रुळावरून येते, तिथे विमानानेच तेवढे आभाळातून यावे असा हट्ट कसा धरायचा?

तर असा मी एअर इंडियावर लेख लिहायला बसलो हे पाहून सौ.ला हसू आले. "तुमचा काय संबंध?" असे तिने विचारले. आता संबंध असा, की ही कंपनी तब्बल अडतीस वर्षे आमच्या घरात राहत होती. शोकेसमध्ये, वरून दुसऱ्या कप्प्यात, पितळी तिरुपती आणि मला वक्तृत्वात मिळालेला उत्तेजनार्थ कप ह्यांच्या मधोमध.

झाले असे. मंत्रालयात कारकून असलेले आमचे मुंबईचे काका १९८७ च्या दिवाळीला आले ते एक कॅलेंडर आणि एक बाहुला घेऊन. "नरिमन पॉइंटच्या हापिसातून खास मिळवलंय," असे सांगून त्यांनी ते अण्णांच्या हाती ठेवले. अण्णा म्हणजे आमचे वडील. ते कॅलेंडर साल संपल्यावरही चार वर्षे भिंतीवर होते. त्यातल्या वारांवर विसंबून आईच्या दोन चतुर्थ्या चुकल्या, पण चित्रेच तशी होती. बाहुला मात्र शोकेसमध्ये गेला तो कायमचा. डोक्याला भलेमोठे पागोटे, दोन्ही कानांकडे निघालेल्या मिशा, टोकदार नाक, मिटलेले डोळे, छातीवर हात आणि कमरेतून वाकलेला. हाच तो एअर इंडियाचा महाराजा. १९४६ साली बॉबी कूका ह्यांच्या डोक्यातून आणि उमेश राव ह्यांच्या कुंचल्यातून तो जन्माला आला. मुळात तो विमानातल्या टिपणवहीच्या कागदावर छापण्यासाठी काढला होता. म्हणजे एवढा मोठा महाराजा, पण मूळचा स्टेशनरी विभागातला. हे कळल्यापासून मला त्याच्याविषयी बंधुभाव वाटत आला आहे.

आजीला तो पहिल्या दिवसापासून पसंत नव्हता.

"हा मिशाळ कोण आणून बसवलास देवाशेजारी?" तिने अण्णांना विचारले. "रझाकार आहे का काय?"

"अगं आई, महाराजा आहे तो. विमान कंपनीचा."

"कुठला महाराजा? निजाम गेल्यावर हा आला का?"

आजीला हसू नका. नांदेड तेव्हाच्या हैदराबाद संस्थानात. १९४८ साली रझाकारांच्या धामधुमीत तीन वर्षांच्या अण्णांना कडेवर घेऊन ती पैनगंगा ओलांडून उमरखेडला गेली होती. नदीच्या अलीकडे निजाम, पलीकडे स्वतंत्र हिंदुस्थान. (त्याच साली स्वातंत्र्यसैनिकांनी आमच्या जिल्ह्यातली उमरीची बँक लुटली. मला ह्याचा फार अभिमान आहे, पण बँकेत नोकरी असल्यामुळे तो कामाच्या वेळेत दाखवता येत नाही.) आणि नेमके त्याच वर्षी, ८ जून १९४८ रोजी, एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' नावाचे विमान ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून निघाले आणि कैरो, जिनिव्हा करीत लंडनला पोहोचले. म्हणजे बघा, मुंबईच्या माणसाची लंडनला जायची सोय झाली, तेव्हा नांदेडच्या माणसाला मुंबईला जाणे हाच परदेश प्रवास होता. आम्ही हिंदुस्थानात आलो १७ सप्टेंबरला. लंडन आमच्यापेक्षा तीन महिने आधी लागले.

आणि आजीचा संशय अगदीच निराधार नव्हता हे मला फार पुढे कळले. आमच्या निजाम सरकारचीही 'डेक्कन एअरवेज' नावाची एक विमान कंपनी होती, १९४५ ची. १९५३ साली भारत सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या तेव्हा ती इंडियन एअरलाइन्समध्ये विरघळली. पुढे २००७ साली खुद्द इंडियन एअरलाइन्सच एअर इंडियात विलीन झाली. एकूण काय, महाराजाच्या खानदानात निजामाचे थोडे रक्त मिसळलेच. हे ऐकायला आजी नव्हती. असती तर तिने तिरुपती दुसऱ्या कप्प्यात हलवला असता.

अण्णांचे मात्र महाराजावर प्रेम होते आणि त्याचे कारण खातेनिहाय होते. अण्णा जिल्हा परिषदेत वरिष्ठ सहायक. एअर इंडिया सरकारी, अण्णा सरकारी, सबब दोघे सहकारी. "आपल्या कंपनीनं नवीन विमान घेतलं," असे ते शेजारच्या सरदारजींना सांगत, तेव्हा ऐकणाऱ्याला वाटावे की ते आमच्या अंगणातच उतरणार आहे. स्वतः ते कधी परभणी-औरंगाबादच्या पलीकडे फारसे गेले नाहीत. पण मालकाने आपल्या गाडीत बसलेच पाहिजे असे थोडेच आहे!

त्यांनी एक फाईल ठेवली होती. रीतसर फाईल, पुठ्ठ्याची, टॅग लावलेली, वर 'विषय : एअर इंडिया'. वर्तमानपत्रातले कात्रण कापायचे, पोस्टकार्डाच्या रुंदीचा समास सोडून चिकटवायचे आणि समासात शेरा मारायचा. 'पाहिले.' 'नोंद घेतली.' 'समाधानकारक.' मी बी. कॉम. झालो तो वाणिज्य शाखेच्या पुस्तकांवर, पण माझे खरे शिक्षण ह्या फाईलवर झाले.

तीत पहिले पान १५ ऑक्टोबर १९३२ चे होते, अर्थात अण्णांच्या हस्ताक्षरात, कारण तेव्हा ते जन्मायचे होते. त्या दिवशी जे. आर. डी. टाटांनी कराचीहून अहमदाबादमार्गे मुंबईला, जुहूला, एक छोटे विमान स्वतः चालवत आणले. आत माणूस एकही नाही, टपाल! "आधी पत्र गेलं, मग माणूस गेला," अण्णा म्हणत. "कार्यालयीन पद्धत हीच." जुहूला पावसाळ्यात चिखल व्हायचा, म्हणून चार महिने मुक्काम पुण्याला हलवायचा. अशा ह्या उद्योगाने पहिल्या वर्षी साठ हजारांच्या घरात नफा मिळवला. ह्या आकड्याखाली अण्णांनी दोन रेघा मारल्या होत्या. एवढ्यासाठी, की पुढच्या पानांवर तशा रेघा मारायला फार जागा मिळाल्या नाहीत.

पण नफा सोडला तर बाकी सगळे होते. १९६० साली बोइंग ७०७ आले आणि मे महिन्यात कंपनी न्यूयॉर्कला पोहोचली. १९६२ पर्यंत पंख्याची सगळी विमाने मोडीत काढून नुसती जेट ठेवली, आणि हे जगात पहिल्यांदा आपण केले असा अण्णांचा दावा. ह्या काळातले टाटांचे एक प्रकरण अण्णांना तोंडपाठ होते. कंपनी सरकारी झाली तरी अध्यक्ष टाटाच. हा माणूस आपल्याच विमानातून प्रवास करायचा आणि उतरल्यावर चिठ्ठ्या लिहायचा. पडदे कसे आहेत, खुर्ची किती मागे जाते, सगळे. एकदा त्यांनी लिहिले, की विमानातला चहा आणि कॉफी ह्यांतला फरक रंगावरून ओळखू येत नाही. "एवढी मोठी कंपनी, आणि बघायचा काय तर चहा!" अण्णांचा आवाज इथे भरून यायचा. मला ह्यात विशेष वाटत नसे. आमच्या शाखेतही चहा-कॉफी ओळखू येत नाही, फक्त चिठ्ठी कोणी लिहीत नाही.

१९७८ साली मोरारजी सरकारने टाटांना अध्यक्षपदावरून दूर केले आणि त्याच साली माझा जन्म झाला. ह्या दोन घटना अण्णा नेहमी एका दमात सांगतात.

फाईल सर्वांत फुगली ती १९९० साली. सद्दामने कुवेत घेतले आणि तिकडची आपली माणसे अडकली. ती जॉर्डनमध्ये अम्मानपर्यंत आली, आणि तिथून एअर इंडियाने इतरांच्या मदतीने त्यांना घरी आणले. ५९ दिवस, ४८८ फेऱ्या, पावणेदोन लाखांच्या घरात माणसे. मी सातवीत होतो. अण्णा रोज सकाळी आकडा मोठ्याने वाचून दाखवीत, आणि शेजारचे सरदारजी कुंपणापलीकडून विचारीत, "आज कितने?" आमच्या गावात गुरुद्वाऱ्याच्या लंगरात रोज किती पंगती उठल्या हे कोणी मोजत नाही. पण हे दोघे ती विमाने अशी मोजत होते, की जणू आलेली माणसे संध्याकाळी आमच्याकडेच जेवायला बसणार आहेत. त्या पानावर शेरा आहे : 'उत्तम.' जिल्हा परिषदेच्या अडतीस वर्षांच्या सेवेत अण्णांनी हा शेरा दुसरीकडे कुठे मारल्याचे मला माहीत नाही.

फाईलमध्ये तीन कात्रणे घडी घालून, शेऱ्याशिवाय आहेत. त्यांतले तिसरे अगदी अलीकडचे. त्याकडे येतोच.

अण्णा विमानात बसले ते एकदाच. २००८ साली गुरुतागद्दीच्या त्रिशताब्दीसाठी नांदेडचा विमानतळ नटवला गेला, आणि २०१७ च्या डिसेंबरात एअर इंडियाचे नांदेड-अमृतसर विमान सुरू झाले. (सध्या ते नाही.) मी दुसऱ्या वर्षी दोन तिकिटे काढली. आमच्या लहानपणी जिथे मंत्री उतरायचा असला की आधी शेळ्या हाकलायला लागत, तिथे अण्णा इस्त्रीचा सदरा घालून, फाईल काखेत मारून उभे राहिले.

"फाईल कशाला?" मी.

"संदर्भासाठी."

अमृतसरला सचखंड एक्स्प्रेसने जायला दीड दिवसाच्या आसपास लागतो, पण वाटेत स्टेशनवर लंगरचे जेवण मिळते. विमानात लंगर नाही ही एक उणीव अण्णांनी चढतानाच नोंदवली. बाकी सगळे त्यांनी तपासले. पडदे, खुर्ची, पट्टा, खिशातले मासिक. मग हवाईसुंदरी आली आणि तिने विचारले, "चहा की कॉफी?"

"दोन्ही," अण्णा म्हणाले.

दोन कप शेजारी ठेवून, चष्मा कपाळावर चढवून, त्यांनी वरून पाहिले, बाजूने पाहिले. एक घोट ह्याचा, एक घोट त्याचा. मग मला म्हणाले, "ओळखू येतंय." आणि खिडकीकडे तोंड करून पुढे कितीतरी वेळ बोलले नाहीत. मला वाटले झोपले. पाहिले तर डोळे पुसत होते. आम्ही दोघेही ह्या विषयावर नंतर बोललो नाही. मराठवाड्यात बापलेक अशा विषयांवर बोलत नसतात, पाऊसपाण्यावर बोलतात.

मग आले २०२१. बातमी आली, की एअर इंडिया विकली, आणि घेतली कोणी तर टाटांनीच. अण्णांनी मला समोर बसवले. "तू बँकेतला. समजावून सांग."

मी समजावले. कंपनीवर ऑगस्टअखेर कर्ज होते ६१,५६२ कोटी. टाटांनी बोली लावली १८,००० कोटींची. त्यातले २,७०० कोटी रोख, आणि १५,३०० कोटींचे कर्ज त्यांनी अंगावर घेतले.

"मग उरलेलं कर्ज?"

"सरकारकडं."

"सरकार म्हणजे?"

"म्हणजे आपणच."

अण्णांनी थोडा हिशोब केला. "म्हणजे बैल गेला आणि हप्ता राहिला."

एवढ्या थोडक्यात निर्गुंतवणूक मला बी. कॉम.ला कोणी शिकवली नव्हती. इतकी वर्षे मी ह्या विषयावर त्यांची टिंगल करीत आलो होतो. एअर इंडियाचा तोटा छापून आला की मी म्हणायचो, "अण्णा, तुमच्या महाराजाचं खातं आमच्याकडं असतं तर कधीच थकीत गेलं असतं." आणि ते म्हणायचे, "सरकारी माणसाला नफा विचारू नये, उपयोग विचारावा." आता मी जिंकलो होतो आणि मला मुळीच बरे वाटत नव्हते. २७ जानेवारी २०२२ ला कंपनी रीतसर टाटांच्या ताब्यात गेली. अण्णांनी महाराजाला खाली काढून ओल्या फडक्याने पुसले. "अडुसष्ट वर्षांनी माहेरी गेली पोरगी," ते म्हणाले. "सासरच्यांनी दागिने काढून घेतले, पण गेली." मग २०२३ साली ४७० नवीन विमानांची मागणी नोंदवल्याचे वाचले तेव्हा आवाज जरा सुधारला. शेरा : 'नोंद घेतली.'

आता तिसऱ्या कात्रणाकडे येतो. आमच्या कन्येला लंडनच्या एका विद्यापीठात एम. एस्सी.ला प्रवेश मिळाला. शैक्षणिक कर्जाचा अर्ज घेऊन मी काउंटरच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिलो, तेव्हा काउंटर किती उंच असतो हे बावीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा कळले. तिकीट सप्टेंबरचे, पण अण्णांनी हट्टाने मे महिन्यातच काढायला लावले. मुंबई-लंडन, एअर इंडिया. 'मलबार प्रिन्सेस'चाच रस्ता, फक्त कैरो, जिनिव्हा वगळून.

आणि १२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उडता उडता वसतिगृहावर कोसळले. विमानात २४२ माणसे होती. एक वाचला. खालची जेवायला बसलेली मुलेही गेली.

त्या दिवशी अण्णांनी टी. व्ही. लावला आणि बंद केला. कात्रण त्यांनी दोन दिवसांनी कापले. १९७८ च्या वांद्र्याजवळच्या समुद्रातल्या 'एम्परर अशोक'चे आणि १९८५ च्या 'कनिष्क'चे, अशी जी दोन घडी घातलेली होती, त्यांच्याखाली ते ठेवले. 'कनिष्क' तर घातपातच होता, ३२९ जीव गेले. मला आठवते, कनिष्कच्या बातमीनंतर अण्णा ऑफिसला गेले नव्हते. घरातलेच कोणी गेल्यासारखे बसून होते.

घरात तिकिटाचा विषय कोणी काढीना आणि दुसरा विषय कोणाला सुचेना. शेवटी आई म्हणाली, "दुसऱ्या कंपनीचं काढ." सौ. काही बोलली नाही, म्हणजे तिचेही तेच मत. मी अण्णांकडे गेलो. मला वाटले आता ते आकडे सांगतील, एवढ्या वर्षांत एवढ्या फेऱ्या वगैरे. ते म्हणाले, "मला विचारू नको. विमानाचं मी सांगितलं असतं. पोरीचं मला सांगता येत नाही. तिलाच विचार."

कन्या सामानाची यादी करीत बसली होती. मी आडून आडून विषय काढला.

"बाबा, तुम्ही लातूरहून रात्री एस. टी.नं येता, तेव्हा आम्ही काय करतो माहिती आहे?"

"काय करता?"

"आई घड्याळाकडं बघत बसते आणि आबा दर पंधरा मिनिटाला विचारतात, लोहा आलं का. तुम्ही यायचं सोडलं का?"

तिकीट तेच राहिले.

सप्टेंबरात बॅग भरताना वजनाचा प्रश्न आला. येसर, कारळाची चटणी, मेतकूट, सौ.ने दिलेले स्वेटर, ह्यांनीच बॅग मर्यादेला टेकली. अशा वेळी अण्णा शोकेसपाशी गेले आणि महाराजाला वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन आले. शेजारच्या किराणा दुकानाच्या काट्यावर त्याचे वजन भरले एकशे ऐंशी ग्रॅम. एवढी जागा काही बॅगेत नव्हती. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. मग आई उठली, ज्या आईला दुसरी कंपनी हवी होती ती, आणि तिने येसराची एक पुडी काढून बाजूला ठेवली. महाराजा स्वेटरच्या बाहीत गेला. शोकेसमध्ये आता तिरुपती आणि कप ह्यांच्यात एक गोल डाग आहे.

ज्या रात्री विमान निघाले त्या रात्री मुंबईहून परतणारा मी रेल्वेत होतो आणि घरी कोणी झोपले नव्हते. सकाळी घरात शिरतो तोच फोन आला. पोहोचली. आईने देवापुढे साखर ठेवली, सौ.ने फोन घेतला, मी घेतला, मग अण्णांनी ओढून घेतला. त्यांनी प्रवास कसा झाला विचारले नाही, थंडी किती आहे विचारले नाही.

"चहा आणि कॉफी ओळखू येत होती का?"

तिकडून आवाज आला, "आबा, मी सगळा वेळ झोपलेच होते."

अण्णांनी फोन माझ्या हातात दिला, चष्मा शोधला, फाईल काढली आणि नवीन पानावर तारीख घालून लिहिले : 'चहा-कॉफीची तपासणी प्रलंबित. परतीच्या प्रवासात करण्यात यावी.'